वसुधाताईंचे दोन फोन

वसुधाताई गेल्या हे मला कोणी कळवलं नाही. त्यांचा एक फोन गेला नाही, त्यावरून कळलं. गुरुवारची सकाळ होती, साडेदहा वाजले असतील. मुलाला, ओजसला, शाळेत सोडून मी घरी आलो होतो आणि न्याहारीची भांडी घासत होतो, तेवढ्यात त्याच्या शाळेतून फोन आला. तिथून फोन आला की ओजसनं कुणाला चावलं असेल, नाहीतर भिंतीवर डोकं आपटलं असेल, एवढ्या दोनच शक्यता असतात. पण ऑफिसातली बाई इथल्या धाटणीच्या इंग्रजीत वेगळंच विचारत होती. "अंकल, आँटी वसुधा टुडे नेव्हर कॉल, ले. शी ओके ऑर नॉट?" दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला वसुधाताई तिला फोन करत. सात वर्षांत शाळा उघडी असताना एकही गुरुवार चुकला नव्हता. मी म्हटलं, लिटिल इंडियात भाजीला गेल्या असतील, करतील मागाहून. फोन ठेवला, एक वाटी विसळली, आणि मग नळ तसाच वाहता सोडून पळालो.

त्यांची इमारत आमच्यापासून तिसरी. शेजारच्या मलाय मावशींकडे किल्ली असायची, त्यांनी दार उघडून दिलं. वसुधाताई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा नाकावर, फोन मांडीत, समोर भिंतीवर मराठी दिनदर्शिका. हृदय थांबलं होतं, सकाळी कधीतरी. दिनदर्शिकेतल्या त्या दिवसाच्या चौकटीत तीन मुलांची नावं लिहिलेली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी शाळेला फोन लावला आणि त्या तीन मुलांच्या प्रवेशाचं विचारलं. अजून जागा नाही, असं उत्तर आलं... आणि मग मला रडू फुटलं.

याला आता सात आठवडे झाले. वसुधाताई कोण होत्या असं इथल्या मराठी मंडळींना विचारलंत तर बहुतेक जण सांगतील, 'त्या होय, वुडलँड्सच्या, एकट्या राहायच्या, मूलबाळ नव्हतं बिचाऱ्यांना.' या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक म्हणजे त्या बिचाऱ्या नव्हत्या. दुसरी चूक त्यांनी स्वतःच केली होती, आणि तीच सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे.

आधी माझं थोडं सांगतो. मी पुण्यात तंत्रनिकेतनात शिकवत होतो. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत संगणक विभागात नोकरी लागली आणि आम्ही 'दोन वर्षांसाठी' इथं, या परक्या बेटावर, आलो. तिचा नोकरीवरचा एम्प्लॉयमेंट पास, आणि त्याच्या शेपटाला बांधलेला माझा आणि मुलाचा डिपेंडंट पास. मुलगा तिसरं वर्ष संपलं तरी बोलेना. बोलायला लागला तेव्हाही स्वतःचं काही बोलेना, ऐकलेलं बोलायचा. लिफ्टमधली बाई जे म्हणते ते, एमआरटी रेल्वेतली घोषणा, तीही तंतोतंत त्याच आवाजात. तहान लागली तरी 'डोअर्स क्लोजिंग' आणि भूक लागली तरी 'डोअर्स क्लोजिंग'. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला, शाळांची नावं असलेला एक छापील कागद हातात दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी त्या कागदावरच्या सगळ्यांना फोन केले. सगळे अतिशय सभ्यपणे बोलत आणि सगळे एकच विचारत, तुम्ही इथले नागरिक का? मग, पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी का? ते दोन्ही नसलात तर नाव प्रतीक्षायादीत. खासगी उपचार होते, पण ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ओजस आमच्या एका ठरावीक बसशिवाय कशातही बसत नसे. म्हणून महिनाभर पुण्याला जाऊन पाहिलं. तिथं तो फक्त बिस्किटांवर जगला, आणि माझे वडील शेजाऱ्यांना सांगत राहिले की आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात. आम्ही परत आलो. तिथं राहवेना, इथं कोणी घेईना. अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात सकाळी सात ते संध्याकाळी सात मी आणि ओजस. खिडकीतून खाडीपलीकडच्या जोहोरला जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसायची. ती निदान पुढे सरकायची.

अशात २०१२ साली वुडलँड्सच्या बसतळावर वसुधाताई भेटल्या. आमची नेहमीची बस बिघडली होती, तिच्याऐवजी दुसऱ्या रंगाची बस आली, आणि ओजस फरशीवर आडवा होऊन किंचाळायला लागला. लोक वळसा घालून जात होते. मी त्याला बखोटीला धरून ओढत होतो आणि मराठीत गयावया करत होतो. मागून कोणीतरी मराठीतच म्हणालं, "उठवू नका. जाऊ द्या ही बस. दुसरी येते." वळून पाहिलं तर पंजाबी ड्रेस, पांढरे केस, काखेत पालेभाजीची पिशवी. त्या सरळ ओजसच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्याच्याशी बोलल्या नाहीत, त्याला हात लावला नाही, मेथीची जुडी काढून निवडायला लागल्या. चार बस गेल्या. पाचवी आमच्या रंगाची आली तसा ओजस उठला. घरी पोचेपर्यंत त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं. मी शिक्षक होतो असं कळल्यावर त्या मला मास्तर म्हणायला लागल्या, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिल्या.

त्यांनी छापील कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. त्या एका जहाजमाल कंपनीतून निवृत्त झाल्या होत्या. बंदरात कागदपत्रांअभावी अडकलेले कंटेनर सोडवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांचं म्हणणं असं की कंटेनर भांडून सुटत नाही आणि रडूनही सुटत नाही. रोज त्याच वेळी, त्याच माणसाला, त्याच आवाजात फोन केला की सुटतो, कारण तो माणूस त्या वेळी तुमची वाट बघायला लागतो. तीच पद्धत त्यांनी शाळांना लावली होती. कुठल्या शाळेत कोण फोन उचलतं, कोण दुपारी जेवणानंतर जरा मऊ बोलतं, कुठली उपचार करणारी बाई परदेशी मुलाला शनिवारी अर्धा तास देते, कुठल्या देवळामागच्या सभागृहात आईबापांचा गट जमतो, कुठला न्हावी मूल किंचाळलं तरी कात्री थांबवून बसून राहतो... हे सगळं त्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहीत आणि पुढच्या चौकटींत ज्या दिवशी ज्याच्यासाठी फोन करायचा त्या मुलाचं नाव घालत. आमच्यासमोर त्यांनी गुरुवारच्या चौकटींत वर्षअखेरपर्यंत 'ओजस' लिहून टाकलं. मी म्हटलं, अहो, त्यांनी नाही म्हटलंय. त्यावर म्हणाल्या, "आज नाही म्हणाले, मास्तर. गुरुवारचं गुरुवारी बघू."

त्या वेळी मला हे सगळं जरा हास्यास्पद वाटायचं, हे कबूल करतो. शिकवण्याचा धंदा केलेल्या माणसाला दुसऱ्यानं शिकवलेलं पटायला वेळ लागतो. पण मेधाला पटलं. पुढच्या संक्रांतीला तिनं घरी हळदीकुंकू केलं, तेव्हा वाण काय द्यायचं हे दोघींनी आपापसात ठरवलं. बायका बाहेरच्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात हळदीकुंकवात न बसणारे तिघं: मी पुरुष म्हणून, वसुधाताई नवरा गेलेला म्हणून, आणि ओजस ओजस म्हणून. आम्ही तिघं तिळगूळ वाट्यांत भरत होतो. प्रत्येक वाटीत तिळगुळाच्या खाली वसुधाताईंच्या दिनदर्शिकेमागच्या यादीची घडी घातलेली प्रत होती. बाहेर पहिल्या बाईनं घडी उघडली आणि बोलणं थांबलं. कोणीतरी हलक्या आवाजात मेधाला म्हणाली की सणाच्या दिवशी असलं वाण कशाला, आमच्या घरात देवाच्या दयेनं तसं काही नाही. निघताना चौघींनी घड्या सोफ्यावरच ठेवल्या. मेधाचा चेहरा पडला होता. वसुधाताई मात्र घड्या गोळा करताना त्या कुणी ठेवल्या ते विचारत होत्या. त्यातल्या दोघींचे फोन त्याच आठवड्यात आले, एकीचा तर ऑफिसच्या जिन्यातून. ती दबक्या आवाजात बोलत होती. मुलगा पाच वर्षांचा होता आणि ती त्याला दोन वर्षं कुणाच्याच वाढदिवसाला घेऊन गेली नव्हती. म्हणजे आमच्यासारख्याच खोल्यांत आणखी माणसं कोंडलेली होती, फक्त एकमेकांच्या घरी हसून तिळगूळ खात होती.

मग पीआरच्या अर्जाची वेळ आली. मेधाच्या ऑफिसातल्या एका हितचिंतकानं सांगितलं की अर्जात ओजसला घेऊच नका. अर्ज दोघांचा करा, मुलाला वर्ष-दीड वर्ष आजीकडे पाठवा, शिक्का बसला की मग बघता येईल, सगळे असंच करतात. असा नियम कुणी कुठे वाचला नव्हता. कुणाच्या तरी मेव्हण्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. पण अडकलेल्या माणसाला असली बातमी फार खरी वाटते. पीआर मिळालं की शाळेचा प्रश्न सुटेल, आणि पीआर मिळवायला त्याला लांब ठेवायचं, हे गणित मला चक्क बरोबर वाटायला लागलं. मी आईशी बोललो. विमानाची तिकिटं बघितली. रविवारी दुपारी वसुधाताईंकडे थालीपीठ खायला गेलो असताना हे सगळं मी मोठ्या शहाणपणानं त्यांना समजावून सांगितलं.

त्यांनी गॅस बंद केला. साडेबारा वाजत आले होते. म्हणाल्या, "थांबा जरा. आधी फोन करते." दर रविवारी या वेळी त्या कुणालातरी फोन करतात हे मला माहीत होतं, मी कधी विचारलं नव्हतं. त्या जरा खाकरल्या आणि म्हणाल्या, "जुई, आई बोलतेय. खाल्लंस का? वेणी घालू दे शकूला. येते हं मी, बाळा." पलीकडून शब्द आला नाही, नुसती टकटक ऐकू आली, फोनवर बांगडी आपटल्यासारखी. टेबलाखाली बसलेला ओजस खाणं थांबवून ऐकत होता.

जुई त्यांची मुलगी, ओजससारखीच. मिरजेजवळच्या एका संस्थेत राहते, आता तिशी ओलांडली आहे. ती चार वर्षांची असताना नवरा-बायको इथं आले. मुलीला आजीजवळ सांगलीला ठेवलं, कारण असंच कुणीतरी सांगितलं होतं. अर्जात मुलांसाठी ओळी होत्या, तिथं त्यांनी 'नाही' असं लिहिलं. शिक्का बसला. मग बघायचं म्हटलं तेव्हा कळलं की आता बघता येत नाही. जी मुलगी नाही असं सही करून सांगितलं, ती आणायची कुठून? खोटं बाहेर आलं तर दोघांनाही परत पाठवतील, या धाकात दहा वर्षं गेली. मग नवऱ्याचं आजारपण, त्यात काही वर्षं. मग आजी गेली आणि जुई संस्थेत आली. मी विचारलं, आता तरी परत का जात नाही? आता तर तुम्हाला इथं कुणी नाही.

त्यांनी तवा खाली उतरवून ठेवला. मग जे म्हणाल्या ते मी आजवर मेधाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. "वर्षातून दोनदा जाते मी. चार दिवस राहायचे आधी, रजा तेवढीच असायची. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता महिनाभर राहू. पाचव्या दिवशी सकाळी जुईनं माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या. बॅग ओढत आणली. मी चपला ठेवून आले, तिनं परत आणल्या. रागानं नाही हो... तिला वाटलं, मी विसरले. आई म्हणजे चार दिवसांनी जाणारी बाई, हे तिला मीच शिकवलंय, मास्तर. आता ते तिच्याकडून काढून घ्यायचं म्हणजे तिचं सगळं जग मोडायचं."

ओजसला बस बदललेली चालत नाही. मला आणखी समजावून सांगण्याची गरज नव्हती. घरी येऊन मी तिकिटांचा नाद सोडला. आम्ही अर्जात तिघांची नावं घातली आणि डॉक्टरांचा कागदही जोडला.

इथं वाचकांना वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. झालं नाही. आमचा अर्ज नाकारला गेला, आणि काही वर्षांनी पुन्हा नाकारला गेला. कारण सांगत नाहीत, त्यामुळे ओजसमुळे की आणखी कशामुळे हे कळायला मार्ग नाही. आजही मेधाच्या कंपनीत नोकरकपातीची कुजबुज झाली की आम्ही दोघं पासांवरच्या तारखा पुन्हा पुन्हा बघतो. तिची नोकरी गेली की पास गेला, पास गेला की ओजसची शाळा, बस, लिफ्ट, सगळं गेलं. मला रागही यायचा वसुधाताईंचा. ओजसला कुठेच जागा मिळेना त्या काळात एकदा मी त्यांना बोलून गेलो, की तुमचं चुकलं म्हणून तुम्ही आमच्याकडून बरोबर उत्तर लिहून घेतलंत, आणि नापास आम्ही झालो. त्या म्हणाल्या, हो, तसंच आहे. आणि पुढच्या गुरुवारी दहा वाजता फोन केला. वर्ष उलटून गेल्यावर त्या शाळेतलं एक कुटुंब दुसऱ्या देशात गेलं, एक जागा रिकामी झाली, आणि ऑफिसातल्या बाईनं यादी बघण्याआधी वसुधाताईंना फोन केला. यादीत आमच्या पुढे कुणी होतं का, हे मी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

ओजसचं काम झालं तरी गुरुवार थांबले नाहीत, चौकटीतली नावं बदलत गेली. आणि रविवारी दुपारी आम्ही थालीपीठाला जात राहिलो. साडेबारा वाजता त्या खाकरत, तीच चार वाक्यं बोलत, तिकडून बांगडी वाजे. त्यांच्या शेवटच्या रविवारीही असंच, त्याआधीच्याही. मला तो फोन ऐकवत नसे. मी मुद्दाम पाणी प्यायला उठायचो.

त्यांचं सामान आवरताना मी दिनदर्शिका घरी आणली आणि आमच्या स्वयंपाकघरात लावली. गुरुवारचे फोन मी करायला लागलो आहे. ऑफिसातली बाई मला आता अंकल मास्तर म्हणते. त्या तिघांना अजून जागा नाही. पण डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या रविवारांच्या चौकटींत 'जुई' लिहिलेलं होतं, आणि तिकडे मी बघतच नव्हतो. संस्थेला मृत्यूची बातमी कळवली होती, आपलं कर्तव्य संपलं, असं मी स्वतःला समजावलं होतं. पहिल्याच रविवारी साडेबाराला ओजस फोन घेऊन समोर येऊन उभा राहिला. अकरा वर्षांचा आहे आता, माझ्या खांद्याला लागतो. मी नाही म्हटलं, तर त्यानं फोन माझ्या हातात कोंबला. न लावून सुटका नव्हती.

शकूबाईंनी उचलला, त्याच जुईचं सगळं बघतात. मी विचारलं, तिला सांगितलंत का? त्या म्हणाल्या, "काय सांगू दादा, आणि कसं सांगू?" मग त्यांनी फोन जुईच्या कानाला लावला. मी म्हटलं, जुई, मी मास्तर बोलतोय, खाल्लंस का... पुढे काय म्हणायचं? येतो म्हणू? कोण येणार आहे? पलीकडे बांगडी वाजली नाही. पुढचे चार रविवार असेच गेले. शकूबाई म्हणाल्या, फोनची वेळ झाली की दाराशी जाऊन बसते, वेणी घालू देत नाही. मी फोन ठेवायचो आणि दिवसभर एकच विचार डोक्यात फिरायचा, मी आणि मेधा गेल्यावर ओजसच्या कानाला कोण फोन लावेल. या प्रश्नातून मला कुठूनही बाहेर पडता येत नाही. वसुधाताईंनाही आलं नाही. त्या नुसत्या फोन करत राहिल्या.

सहाव्या रविवारी मी 'खाल्लंस का' पर्यंत आलो आणि नेहमीसारखा अडलो. ओजस टेबलाखाली बसला होता. तिथून आधी जरासं खाकरल्याचा आवाज आला. मग तो बोलला. त्याच्या स्वतःच्या सपाट आवाजात नाही, तर अगदी त्याच, दर रविवारी ऐकलेल्या. "वेणी घालू दे शकूला. येते हं मी, बाळा."

मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.  तिकडे टकटक सुरू झाली, बराच वेळ वाजत राहिली, आणि मागे शकूबाई रडत होत्या. मला ठाऊक आहे की हे खोटं आहे. कोणी येणार नाही, आणि तिकडे एक मुलगी दाराशी बसून वाट बघते आहे. ओजसला हे कसं सांगावं ते मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर सांगायचंही नाही. टकटक थांबल्यावर त्यानं माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला, जागेवर ठेवला, आणि दिनदर्शिकेशी जाऊन पुढच्या रविवारच्या चौकटीवर बोट ठेवलं.